रोटरी फाउंडेशनचे अनुदान गावापर्यंत कसे येते: अर्ज कोणी करायचा, कागद कोणते लागतात

शाळेला मुलींसाठी स्वच्छतागृह हवे असते, आरोग्य केंद्राला एखादे यंत्र हवे असते, आणि कोणीतरी सांगते, “रोटरी फाउंडेशनकडे अर्ज टाका, पैसे मिळतात.” रोटरी फाउंडेशन म्हणजे समाजसेवा करणाऱ्या रोटरी क्लबांच्या जागतिक संघटनेचा निधी, आणि तिथून पैसे मिळतात हे खरे. पण शाळा, पंचायत, पालक-शिक्षक संघ किंवा महिला मंडळ फाउंडेशनकडे थेट अर्ज करू शकत नाही. अर्ज रोटरी क्लबमार्फतच जातो आणि हिशेब देण्याची जबाबदारीही क्लबचीच असते. त्यामुळे गावातल्या संस्थेने आधी जवळचा क्लब गाठायचा. गोव्यात पणजी, मडगाव, म्हापसा, फोंडा, वास्को अशा शहरांत क्लब आहेत, पण सत्तरी, सांगे, धारबांदोडा, काणकोणातल्या वाड्यावाड्यांवर गरज जास्त असते. ही दोन टोके जुळावीत म्हणून पुढची माहिती क्लबचे नवे पदाधिकारी आणि गावातली माणसे अशा दोघांसाठी लिहिली आहे.

फाउंडेशनची कल्पना १९१७ साली अटलांटाच्या अधिवेशनात आर्च क्लम्फ यांनी मांडली. जगात चांगले काम करण्यासाठी कायम निधी असावा, एवढीच ती सूचना होती. पहिली देणगी कॅन्सस सिटीच्या क्लबकडून आली, साडेसव्वीस डॉलरची. आजही निधीचा मोठा भाग सदस्यांच्या देणग्यांतूनच उभा राहतो. म्हणजे तुमच्या शाळेच्या नळाला लागणारा पैसा कोणीतरी तीन वर्षांपूर्वी आपल्या खिशातून दिलेला असतो. तीन वर्षे असे म्हणायला कारण आहे. सदस्यांनी वार्षिक निधीत दिलेली रक्कम तीन वर्षे गुंतवली जाते आणि मग तिचे वाटे पडतात. १०० डॉलरमागे साडेसत्तेचाळीस डॉलर त्या रोटरी प्रांताच्या, म्हणजे एका भागातल्या क्लबांच्या गटाच्या, वाट्याला येतात, तेवढेच जागतिक निधीत जातात आणि पाच डॉलर फाउंडेशनच्या कारभारासाठी राहतात. प्रांताच्या वाट्याला डीडीएफ (डिस्ट्रिक्ट डेझिग्नेटेड फंड) म्हणतात. गोवा ज्या प्रांतात मोडतो त्याचा क्रमांक ३१७०. दक्षिण महाराष्ट्राचा आणि उत्तर कर्नाटकाचा काही भागही त्यातच येतो. यातून निघणारा अर्थ स्पष्ट आहे: ज्या प्रांतातले सदस्य आज देत नाहीत, त्या प्रांताकडे तीन वर्षांनी वाटायला काही उरत नाही.

दोन प्रकारची अनुदाने

छोट्या, लवकर आटोपणाऱ्या कामासाठी डिस्ट्रिक्ट ग्रँट असते. प्रांत आपल्या डीडीएफमधला जास्तीत जास्त निम्मा भाग यासाठी वापरू शकतो. क्लब आपले प्रस्ताव प्रांताच्या फाउंडेशन समितीकडे देतात, समिती त्यांतून निवड करते आणि प्रांत सगळ्यांचा मिळून एकच अर्ज फाउंडेशनकडे पाठवतो. म्हणून इथे मुदत प्रांताची पाळायची. ती चुकली तर त्या वर्षाचा विषय संपतो.

ग्लोबल ग्रँटचे काम मोठे. अंदाजपत्रक किमान ३०,००० डॉलरचे लागते आणि जागतिक निधीतून जास्तीत जास्त ४,००,००० डॉलर मिळू शकतात. दोन क्लब किंवा प्रांत लागतात: एक इथला, एक परदेशातला. एकूण रकमेतला किमान १५ टक्के वाटा प्रकल्पाच्या देशाबाहेरून यावा लागतो. काम सात क्षेत्रांपैकी एकात बसले पाहिजे. शांतता आणि संघर्ष टाळणे, रोगप्रतिबंध आणि उपचार, पाणी व स्वच्छता, माता-बालआरोग्य, मूलभूत शिक्षण आणि साक्षरता, समाजाचा आर्थिक विकास आणि पर्यावरण. शेवटचे क्षेत्र २०२१ पासून सुरू झाले. ग्लोबल ग्रँटचा अर्ज वर्षभरात केव्हाही करता येतो.

गणित एकदा मांडून पाहिले की समजते. इथल्या प्रांताने डीडीएफमधून ८,००० डॉलर दिले आणि परदेशी भागीदाराच्या प्रांतानेही ८,००० दिले, तर झाले १६,०००. जागतिक निधी डीडीएफच्या ८० टक्के जोड देतो, म्हणजे १२,८००. बेरीज २८,८००. उरलेले १,२०० डॉलर क्लबने रोख भरले की ३०,००० पुरे होतात. रोख रकमेवर जागतिक निधीची जोड आता मिळत नाही, उलट ती फाउंडेशनमार्फत भरली तर पाच टक्के जास्त द्यावे लागतात. “आम्ही एवढे गोळा करतो, तुम्ही दुप्पट करा” अशी जुनी आठवण सांगणारे ज्येष्ठ सदस्य अजून भेटतात. तो हिशेब आता धरू नये.

क्लब पात्र केव्हा ठरतो

पात्रता दर रोटरी वर्षाला नव्याने मिळवायची असते. रोटरी वर्ष १ जुलैला सुरू होऊन ३० जूनला संपते. पुढच्या वर्षाचा अध्यक्ष, म्हणजे प्रेसिडेंट-इलेक्ट, किंवा त्याने नेमलेला सदस्य प्रांताच्या ग्रँट व्यवस्थापन प्रशिक्षणाला हजर राहिला पाहिजे. त्यानंतर क्लबने सामंजस्य करारावर सह्या करायच्या. पैसे कसे सांभाळू, कागद किती वर्षे जपू, गैरव्यवहाराचा संशय आला तर कोणाला कळवू, हे सगळे त्यात बांधून घेतलेले असते. आधीच्या अनुदानाचा अहवाल थकला असेल तर नवे अनुदान अडते. मी तर म्हणेन, नव्या कल्पनेवर चर्चा करण्याआधी क्लबने जुन्या फाइली काढून बसावे.

गावाला विचारा

ग्लोबल ग्रँटसाठी गरजांची पाहणी सक्तीची आहे आणि तिचे निष्कर्ष अर्जासोबत जोडावे लागतात. डिस्ट्रिक्ट ग्रँटलाही ती करावी असे माझे ठाम मत आहे, कारण इथेच प्रकल्प तरतो किंवा बुडतो.

समजा, सत्तरीतल्या एका सरकारी प्राथमिक शाळेला पाणी शुद्ध करणारे यंत्र द्यायचे क्लबने ठरवले. यंत्र चांगले, फोटोही चांगला येईल. पण पाहणीला गेल्यावर मुख्याध्यापिका सांगते की पिण्याचे पाणी मुले घरून बाटलीत आणतात. अडचण हात धुण्याची आहे. मध्यान्ह आहाराच्या वेळी एकाच नळाशी सगळी झुंबड उडते, आणि तो नळ इतका उंच की पहिलीतल्या मुलाचा हात पोचत नाही. भांडी घासणारी बाई सांगते की एप्रिल-मेमध्ये टाकी दुपारपर्यंत रिकामी होते. आता प्रकल्प बदलला. कमी उंचीची, चार-पाच नळांची हात धुण्याची जागा, साठवणुकीची टाकी, सांडपाण्याचा शोषखड्डा. खर्च कदाचित कमी येईल आणि काम रोज वापरात राहील.

पाहणीत आणखी एक प्रश्न विचारायलाच हवा: शाळेची पटसंख्या किती आहे, आणि ती टिकेल का? गोव्यात कमी पटाच्या प्राथमिक शाळा बंद होण्याचा किंवा दुसऱ्या शाळेत विलीन होण्याचा अनुभव जुना आहे. जिथे दोन वर्षांनी कुलूप लागण्याची शक्यता आहे तिथे पक्के बांधकाम करण्यापेक्षा, मुले जिथे जाणार त्या शाळेचा विचार करावा. गावकऱ्यांना हा प्रश्न दुखतो, म्हणून तो नीट, बसून विचारावा.

पाहणी म्हणजे एक फॉर्म भरणे नव्हे. शिक्षक, पालक, पंच, आरोग्यसेविका, स्वयंसाहाय्य गटातल्या बायका यांच्याशी वेगवेगळे बोलावे. पंचायतीच्या सभागृहात सगळ्यांना एकत्र बसवले की दोन-तीन माणसेच बोलतात. कोणाशी, कोणत्या तारखेला, काय बोलणे झाले हे लिहून ठेवा. अर्जात नेमके तेच विचारले जाते.

कागदपत्रे

जागेपासून सुरुवात करा, कारण गोव्यात सर्वाधिक काम इथे अडते. शाळेची इमारत सरकारची असली तरी खालची जमीन भाटकाराची (जमीनदाराची) किंवा कोमुनिदादची (गावच्या जुन्या सामुदायिक जमीनसंस्थेची) निघू शकते. एक-चौदाचा उतारा, म्हणजे गोव्यातला जमिनीच्या हक्कांचा उतारा, काढून कब्जेदाराच्या आणि कुळाच्या रकान्यात कोणाची नावे आहेत ते आधी पाहा. मग मालकाची लेखी संमती, पंचायतीचा ना हरकत दाखला आणि सरकारी शाळा असेल तर शिक्षण खात्याची परवानगी. तोंडी “करा, करा” वर टाकीचा चौथरा घालू नये.

लाभार्थी संस्थेचे पत्र लागते. त्यात नुसती मागणी नको. काम झाल्यावर देखभाल कोण करणार, विजेचे आणि दुरुस्तीचे बिल कोण भरणार, हे त्यात लिहिलेले असले पाहिजे. एखादी दुसरी संस्था कामात भागीदार असेल तर तिच्याशी वेगळा सामंजस्य करार करावा. संस्थेचा नोंदणी दाखला (गोव्यात बहुतेक संस्था १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली नोंदलेल्या असतात), पॅन आणि लेखापरीक्षित जमाखर्च हाताशी ठेवावा.

मोठ्या खरेदीसाठी निदान तीन कोटेशन घ्या, तारखेची आणि सहीशिक्क्याची, एकाच वर्णनाच्या मालाची. एकाने स्टीलचे नळ धरले आणि दुसऱ्याने प्लास्टिकचे, तर तुलनाच होत नाही. पुरवठादार क्लब सदस्याचा नातेवाईक किंवा भागीदार असेल तर ते अर्जातच उघड सांगावे लागते. गोवा लहान आहे, सोयरीक निघतेच. सांगितल्याने अर्ज आपोआप फेटाळला जात नाही, लपवल्याने मात्र क्लबची पतच जाते.

बँक खाते अनुदानासाठी वेगळे लागते आणि त्यावर क्लबच्या दोन सदस्यांच्या सह्या हव्यात. ग्लोबल ग्रँटसाठी इथल्या आणि परदेशातल्या दोन्ही बाजूंनी तीन-तीन जणांची समिती नेमावी लागते. त्यातला एकेक जण मुख्य संपर्क. अर्ज रोटरीच्या संकेतस्थळावर ग्रँट सेंटरमध्ये भरायचा आणि पदाधिकाऱ्यांची मंजुरीही तिथेच नोंदवायची. फाइल तयार असूनही एकाने लॉगिन केले नाही म्हणून अर्ज पडून राहू शकतो. आठवण करून देण्याचे काम एका माणसाकडे सोपवा.

परदेशी पैसा आला की एफसीआरए आला

परदेशातून आलेली देणगी स्वीकारायची तर संस्थेची एफसीआरए म्हणजे परकीय अंशदान विनियमन कायदा, २०१० खाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावा लागतो, आणि तो दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. म्हणजे क्लबच्या ट्रस्टने असा पैसा घेऊन शाळेच्या समितीला चेक देता येणार नाही, खरेदी आणि काम स्वतःच करावे लागेल. नव्या नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षे जुनी असावी आणि मागच्या तीन आर्थिक वर्षांत तिने आपल्या कामावर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले असावेत, अशी अट आहे. लहान क्लबांच्या ट्रस्टला हे जड जाते. म्हणून ग्लोबल ग्रँटचा विचार मनात आला की पहिल्याच आठवड्यात प्रांताच्या फाउंडेशन समितीशी पैसा कोणत्या मार्गाने आणि कोणाच्या खात्यात येणार याची चर्चा करून घ्या, आणि सीएला सोबत ठेवा.

कशाला पैसे मिळत नाहीत

जमीन किंवा इमारत विकत घेणे बसत नाही. ग्लोबल ग्रँटमधून रुग्णालयाची नवी इमारत बांधता येत नाही, मात्र स्वच्छतागृह किंवा पाण्याची सोय करता येते. आधीच झालेला खर्च भरून मिळत नाही, त्यामुळे “काम सुरू करू, पैसे मागून येतील” हा नेहमीचा उत्साह इथे आवरावा. एखाद्या संस्थेला नुसती रोख देणगी, तिचा रोजचा कारभारखर्च, निधीसंकलनाचे कार्यक्रम, रोटरीचे समारंभ यांनाही पैसे नाहीत. फलकावर १,००० डॉलरहून जास्त खर्च चालत नाही, आणि माझ्या मते एवढाही करू नये.

मंजुरीनंतर

डिस्ट्रिक्ट ग्रँटचे पैसे हाती येईपर्यंत गोव्यात पाऊस लागलेला असतो. जुलै-ऑगस्टमध्ये खड्डा खणला की तो पाण्याने भरतो. चतुर्थी आटोपल्यावर, ऑक्टोबरमध्ये खोदकाम धरावे आणि वेळापत्रकात तसेच लिहावे. ग्लोबल ग्रँटचा पहिला अहवाल पैसे मिळाल्यापासून बारा महिन्यांच्या आत, काम चालू असेल तर दर बारा महिन्यांनी, आणि काम संपल्यावर दोन महिन्यांत अंतिम अहवाल द्यायचा असतो. बिले, बँकेचे उतारे, कोटेशन, फोटो, लाभार्थ्यांची नोंद हे सगळे किमान पाच वर्षे जपायचे. दर वर्षी अध्यक्ष बदलतो आणि फाइल जुन्या अध्यक्षाच्या घरी राहते. म्हणून तिची एक प्रत क्लबच्या दप्तरात आणि एक ऑनलाइन ठेवण्याचा ठराव सभेत करून घ्या.

गावातल्या संस्थेने क्लबकडे जायची योग्य वेळ जानेवारी-फेब्रुवारी. तेव्हा पुढच्या वर्षाचा अध्यक्ष ठरलेला असतो आणि प्रशिक्षण अजून व्हायचे असते. त्याच्याकडे जाताना एक पानी पत्र न्या: काय अडते, किती जणांना अडते, आजवर काय करून पाहिले, जागा कोणाच्या नावावर आहे, देखभाल कोण करील. सोबत एक-चौदाची प्रत आणि जागेचे दोन-तीन फोटो. किती पैसे हवेत हा आकडा त्या पत्रात नसला तरी चालेल, तो क्लबचे सदस्य गावात येऊन पाहणी करून गेल्यावर दोघांनी मिळून काढायचा.