सावल्यांचे छायाचित्रण (बेळगाव सीमाभाग)

सावल्यांचे छायाचित्रण : वस्तू बाजूला ठेवून तिची भिंतीवर, रस्त्यावर किंवा अंगणात पडलेली सावली हाच विषय धरून केलेले छायाचित्रण. मराठीत हे नाव द्विरुक्तीसारखे वाटते, कारण ‘छायाचित्र’ या शब्दात सावली आधीच येऊन बसली आहे. छायाचित्रणाचा इंग्रज प्रणेता विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट याने १८३९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आपली पद्धत मांडली, तेव्हा त्यानेही ‘सावली पक्की करण्याची कला’ असाच शब्दप्रयोग केला होता.

कर्नाटकातील बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात त्यासाठी मुद्दाम कुठे जावे लागत नाही. खडेबाजारातल्या दुकानांच्या छपऱ्या, शहापुरातल्या जुन्या घरांचे खिडकीचे गज, परसातले तुळशीवृंदावन, दोरीवर वाळणारी लुगडी, गळीत हंगामात कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॉलीमागे रस्ताभर फरफटणारी पाचटाची सावली, हे सगळे चालते. दुकानाच्या पाटीवर कन्नड असो वा मराठी, तिची सावली निव्वळ चौकोनीच पडते. राजहंसगडाचा तट किंवा हलशीची कदंबकालीन मंदिरे प्रेक्षणीय खरीच, पण तिथे नजर वास्तूवरच खिळते आणि सावली मागे पडते. साधी भिंत त्या मानाने सोपी.

सावलीची लांबी सूर्याच्या उंचीवर ठरते. सूर्य ४५ अंशांवर असताना ती वस्तूएवढी असते, तर १० अंशांवर आला की साडेपाच पटींहून अधिक होते. बेळगाव सुमारे १५.९ उत्तर अक्षांशावर असल्याने २१-२२ डिसेंबरला भरदुपारीसुद्धा साडेपाच फूट उंचीच्या माणसाची सावली जवळजवळ साडेचार फूट असते. म्हणून हिवाळ्यात दुपारही वाया जात नाही. मे महिन्याच्या ४ तारखेच्या सुमारास, घड्याळात साडेबाराच्या आसपास, सूर्य थेट डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली त्याच्या बुडाशी विरून जाते. यालाच शून्य सावली दिवस म्हणतात. खानापुरात तो जरा आधी, निपाणीत एक-दोन दिवस नंतर येतो. तिथून ऑगस्टच्या ८-९ तारखेपर्यंत मध्यान्हीची सावली दक्षिणेकडे पडते, एरवी उत्तरेकडे. ऑगस्टमधला शून्य सावली दिवस मात्र बहुधा ढगांतच जातो.

सावलीची कड किती रेखीव, हे अंतर ठरवते. सूर्य हा बिंदू नसून आकाशात सुमारे अर्ध्या अंशाची तबकडी आहे. त्यामुळे गडद प्रच्छायेभोवती फिकट उपच्छाया येते. वस्तू भिंतीपासून किंवा जमिनीपासून एक मीटर दूर असेल तर कड साधारण ९ मिलिमीटर पसरते, आठ मीटरवर सात सेंटिमीटरांहून जास्त. विजेच्या तारेवर कावळा बसलेला असतो तेव्हा हे नीट कळते. खाली डांबरावर कावळ्याचा पुसट डाग तेवढा दिसतो, तार पार नाहीशी झालेली असते. आंब्याच्या झाडाखाली पडणारे गोल कवडसेही याच तबकडीच्या प्रतिमा होत. २६ डिसेंबर २०१९ रोजी बेळगावात खंडग्रास सूर्यग्रहण लागले होते. अशा वेळी हेच कवडसे चंद्रकोरीसारखे होतात, आणि आकाशाकडे न पाहता ग्रहण टिपता येते.

मोबाइलवर अडचण वेगळीच असते. कॅमेरा सावली हा दोष समजून ती उजळवायला धावतो. एचडीआर (गडद भाग आपोआप उजळवणारी सोय) बंद करावा, पडद्यावर उजेडाच्या भागावर बोट टेकवावे आणि प्रकाश थोडा उतरवावा, म्हणजे सावली काळीभोर उतरते. चुन्याच्या पांढऱ्या भिंतीवर ती निळसर दिसली तर कॅमेरा बिघडलेला नसतो. तिथे ऊन पोचत नाही, पण निळ्या आकाशाचा उजेड पोचतो. आपली स्वतःची सावली चौकटीत घुसते ती सूर्य पाठीशी असताना. अशा वेळी दोन पावले आडवे सरकणे पुरते, किंवा तिलाच विषय करावे.

सावली अनोळखी माणसाची असली तरी बाजूला तो माणूस उभा असतोच, त्याला विचारून फोटो घेणे बरे. बेळगावच्या कॅम्प भागात लष्करी हद्दीचे फलक पाहूनच कॅमेरा काढावा. जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांत ऊन दुर्मिळ. तेव्हा हौशी मंडळी रात्री रस्त्यावरच्या दिव्यांखाली उतरतात. तिथे दोन खांबांच्या मधून जाणाऱ्या छत्रीला दोन सावल्या असतात, एक लांबत जाणारी आणि एक आखडत येणारी.