लेकरू रडत नाही म्हणजे त्याला दुखत नाही, असं नाही
(आमच्याकडून सीपीच्या मुलांसाठी पायाला आधार देणारी प्लास्टिकची स्प्लिंट, बूट आणि बसायची खुर्ची नेणाऱ्या आईवडिलांसाठी)

माप द्यायला येणारे पालक आम्हाला दोन उलट तक्रारी सांगतात. एकाच्या पोराला स्प्लिंटने फोड आला तरी तो हूं की चूं करत नाही. दुसरीची पोरगी नुसता मोजा चढवताना किंचाळते. कधी कधी तर एकाच लेकराचं दोन्ही खरं असतं. मग घरातले म्हणतात, हट्टी आहे, लाडावली आहे. तसं नाही. कारण मेंदूत आहे, आणि ते कळलं तर स्प्लिंट नीट वापरता येते.

सीपीत, म्हणजे मेंदूच्या पक्षाघातात, वाढत्या मेंदूला जन्माआधी, जन्मताना किंवा त्यानंतर लवकरच इजा होते. हातपाय ताठ पडतात ते सगळ्यांना दिसतं. पण हालचालीचे तंतू जिथून खाली उतरतात, तिथूनच जवळून स्पर्शाचे तंतू वर जातात. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळांत मेंदूतल्या पोकळ्यांभोवतीचा पांढरा भाग बरेचदा दुखावतो आणि हे दोन्ही तंतू एकदम सापडतात. म्हणून खिशात हात घालून किल्ली कोणती आणि नाणं कोणतं हे न बघता ओळखणं बऱ्याच सीपीच्या मुलांना जमत नाही, बोटं चालत असली तरी.

दुखणं मात्र वेगळ्या वाटेने जातं. हलका स्पर्श, दाब, सांधा किती वाकला ही खबर जाड तंतू नेतात, सेकंदाला पन्नासेक मीटर वेगाने. दुखणं आणि गरम-गार बारीक तंतूंतून जातं, आणि त्यातले सर्वात बारीक तंतू सेकंदाला मीटरभरच चालतात. ठेच लागल्यावर लागल्याचं आधी कळतं आणि ठणका मागून येतो, तो याचमुळे. वर मेंदूत पोचल्यावर दुखण्याची खबर जागा ओळखणाऱ्या भागात जातेच, शिवाय भीती आणि तगमग जिथे उठते त्या भागांतही जाते. त्यामुळे एक वाट अधू आणि दुसरी धडधाकट असं होऊ शकतं. चाचण्यांत हेच दिसलं आहे: सीपीच्या अनेकांना कातडीवरचा हलका स्पर्श कमी कळतो, दुखणं मात्र इतरांपेक्षा जास्त. कुठे दुखतं ते लेकराला सांगता येत नाही, पण दुखतं पुरतं.

आणखी एक गोष्ट. लागलेल्या जागी आपण हात चोळतो आणि बरं वाटतं. स्पर्शाची खबर मज्जारज्जूतच दुखण्याला थोडी अडवते, असं मेलझॅक आणि वॉल या दुखण्यावर काम करणाऱ्या संशोधकांनी 1965 मध्ये मांडलं. स्पर्शाचीच खबर क्षीण असेल तर हा आधार कमी पडू शकतो. शिवाय रोज रोज दुखत राहिलं की मज्जातंतू आणखी हळवे होतात. त्यामुळे "सवय होईल, घट्ट बांधा" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. आम्हीही ते कधी सांगणार नाही.

2012 साली जगभरातले अभ्यास एकत्र तपासले गेले. सीपी असलेल्या दर 4 जणांपैकी 3 जणांना दुखणं होतं आणि 4 पैकी एकाला बोलता येत नव्हतं. न बोलणाऱ्या लेकराचं दुखणं ओळखायचं तर त्याचं नेहमीचं वागणं माहीत हवं, आणि ते आईइतकं कुणाला माहीत नसतं. कपाळाला आठ्या, पाय आखडणं, जेवण सोडणं, झोप उडणं, कडेवर घेतलं तरी शांत न होणं हे बघा. काही लेकरं उलट एकदम गप्प होतात. त्यांच्याकडे जास्त लक्ष द्या. दरवेळी दोष स्प्लिंटचाच असेल असंही नाही. खुब्याचा सांधा सरकणं, बद्धकोष्ठता, पित्त, किडका दात यांनीही लेकरू असंच वागतं. अशा वेळी जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसी केंद्रात, म्हणजे लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणी तपासून उपचार करणाऱ्या केंद्रात दाखवा.

नवी स्प्लिंट पहिल्या दिवशी तासभर घाला, मग काढून पाय बघा: घोट्याचं हाड, टाच, अंगठ्याच्या बुडाची बाजू. लाली वीस मिनिटांत गेली तर ठीक. अर्ध्या तासानंतरही राहिली तर पुन्हा घालू नका. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, म्हणून हाताची मागची बाजू लावून बघा. आजूबाजूपेक्षा गरम किंवा कडक लागलं तर ती लालीच समजा. कापूस वेचणीच्या दिवसांत लेकरू आजीजवळ असतं, तर हे आजीलाही दाखवून ठेवा.

मोजा सुती घ्या आणि शिवण बाहेर येईल असा उलटा घाला. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो. तेव्हा घामाने मोजा भिजला की लगेच बदला आणि स्प्लिंट उन्हात किंवा टिनाखाली ठेवू नका, प्लास्टिक वाकतं. थंडीत गरम पाण्याची पिशवी किंवा शेकोटीचा शेक देताना फार जपा, पाय भाजला तरी लेकरू वेळेत ओढून घेईलच असं नाही.

पायाला हात लावण्याआधी लेकराला सांगा, त्याला पाय बघू द्या, आणि बोटांच्या टोकांनी नाही तर पूर्ण तळहाताने धरा. अचानक हलका हात लागला की अंग आणखी ताठतं. फावल्या वेळी पिशवीत सरकी, चावी, नाणं, बोंड टाकून न बघता ओळखायला लावा. रोज थोडं खेळलं तर मेंदूला स्पर्श ओळखायचा सराव होतो. लहान लेकराने दाणे तोंडात घालू नयेत म्हणून तेव्हा जवळच बसा.

स्प्लिंट बोचत असेल तर घरी कात्रीने कापू नका, आतून कापूसही कोंबू नका, दाब दुसरीकडे सरकतो. बोचलेल्या जागेभोवती पेनाने गोल करा, मोबाइलवर फोटो काढा, आणि लेकरू, स्प्लिंट, तोच मोजा घेऊन या. कड घासून देण्याचे पैसे लागत नाहीत.