महासाथीत रुग्णालयातली माणसं कशी तग धरतात

व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला पालथं झोपवायचं तर पाच ते सात माणसं लागतात. एक जण डोकं आणि श्वासनळीतली नळी सांभाळतो, दोन्ही बाजूंना दोघं-दोघं उभे राहतात, कुणीतरी सलाइन आणि मॉनिटरच्या वायरींवर लक्ष ठेवतं, आणि मग आकडे मोजून सगळे एकदम रुग्णाला वळवतात. त्यात नळी निसटली तर काही मिनिटांत जीव जाऊ शकतो. फुप्फुसं गंभीर आजारी असलेल्या रुग्णांना दिवसातले सोळाएक तास असं पालथं ठेवलं तर मृत्यू कमी होतात, हे 2013 साली फ्रान्स आणि स्पेनमधल्या एका मोठ्या चाचणीत दिसलं होतं. कोविडच्या साथीत हा उपाय जगभरच्या अतिदक्षता विभागांत रोजचा झाला. प्रत्येक अशा रुग्णामागे दोनदा ही कसरत: एकदा पालथं करायला, एकदा उताणं करायला. तीही पीपीई किट घालून, गॉगलवर वाफ धरलेली असताना आणि मास्कमुळे शेजारच्याचं बोलणं नीट ऐकू येत नसताना.

अशी कामं महिनोन्‌महिने करणाऱ्यांच्या धैर्याबद्दल आपण भरभरून बोलतो. ते धैर्य खरंच आहे. पण ते ज्याच्या त्याच्या स्वभावात असतं किंवा नसतं, अशी जी समजूत त्यामागे दडलेली असते तिनं या लोकांचं नुकसानच होतं. गेल्या काही दशकांतलं संशोधन फार वेगळीकडे बोट दाखवतं. माणूस तग धरतो की कोसळतो, हे बऱ्याच अंशी त्याला झोप किती मिळते, एका नर्सकडे रुग्ण किती आहेत, मास्क पुरेसे आहेत का आणि वरिष्ठ खरं सांगतात का यांवर ठरतं.

आधी शरीराचं पाहू. धोका जाणवला की मेंदूतला हायपोथॅलॅमस पीयूषिका ग्रंथीला इशारा देतो, ती मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींना, आणि रक्तात कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक वाढतं. साखर उपलब्ध होते, लक्ष एकवटतं, भूक-थकवा मागे पडतो. काही तासांसाठी ही व्यवस्था उत्तम आहे. ती आठवडे आणि महिने सुरूच राहिली तर मात्र रक्तदाब, झोप, स्मरणशक्ती, प्रतिकारशक्ती या सगळ्यांची झीज होते. ब्रूस मॅकइवेन आणि एलियट स्टेलर यांनी 1993 साली या साचत जाणाऱ्या झिजेला 'अ‍ॅलोस्टॅटिक लोड' असं नाव दिलं.

नाइट ड्युटी यात भर घालते. शरीराच्या घड्याळाप्रमाणे कॉर्टिसोल पहाटे चढू लागतं आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळाला असतं. रात्रभर जागून सकाळी अंथरुणावर पडणारा माणूस शरीर जागं होत असताना झोपायचा प्रयत्न करत असतो, त्यामुळे झोप तुटक आणि कमी होते. ऑस्ट्रेलियात 1997 साली झालेल्या एका प्रयोगात सलग 17 तास जागे असलेल्या लोकांचा हात-डोळ्यांचा मेळ रक्तात 0.05 टक्के मद्य असलेल्या माणसाइतका बिघडलेला आढळला. अनेक देशांत एवढं मद्य घेतलेल्याला गाडी चालवायला बंदी आहे. चोवीस तासांच्या जागरणानंतर तो 0.10 टक्क्यांच्या पातळीला पोचला. डबल ड्युटी करून इंजेक्शनचं प्रमाण मोजणाऱ्या नर्सबद्दल बोलताना हा आकडा मला आठवतो.

घरी गेल्यावर विश्रांती घ्या, असं सांगणं सोपं असतं. कामातून मन बाहेर काढणं विश्रांतीसाठी किती महत्त्वाचं आहे, याचा अभ्यास मानसशास्त्रज्ञ साबिने झोनेनटाग यांनी वर्षानुवर्षं केला आहे. त्यांचा एक निष्कर्ष चटका लावणारा आहे: ज्यांच्यावर ताण सर्वाधिक असतो, त्यांनाच मन बाहेर काढणं सर्वांत अवघड जातं. ड्युटी संपली तरी आठ नंबरच्या बेडचं ऑक्सिजन काय झालं असेल, हे डोक्यात फिरत राहतं. हा स्वभावाचा दोष नाही, ताणाचंच ते एक लक्षण आहे. त्यामुळे विश्रांतीची व्यवस्था कामाच्या वेळापत्रकातच असावी लागते. ती माणसाच्या इच्छाशक्तीवर सोडून चालत नाही.

मनाचे आकडे साथीच्या अगदी सुरुवातीपासून मिळतात. जानेवारी 2020 च्या अखेरीस, वुहानमध्ये साथ भरात असताना, चीनमधल्या 34 रुग्णालयांतल्या 1257 डॉक्टर-नर्सनी एक प्रश्नावली भरली. त्यांपैकी 71.5 टक्क्यांमध्ये मानसिक त्रासाची, 50.4 टक्क्यांमध्ये नैराश्याची, 44.6 टक्क्यांमध्ये चिंतेची आणि 34 टक्क्यांमध्ये निद्रानाशाची लक्षणं दिसली. नर्स, स्त्रिया, वुहानमध्ये काम करणारे आणि थेट रुग्णांजवळ असणारे यांना त्रास जास्त होता. प्रश्नावलीतले गुण म्हणजे निदान नव्हे, हे इथे लक्षात घ्यायला हवं. भीषण परिस्थितीत झोप उडणं, रडू येणं, चिडचिड होणं हे निरोगी मनही करतं, आणि पुष्कळांचं मन परिस्थिती निवळल्यावर पूर्ववत होतं. प्रत्येकाला रुग्ण ठरवून मोकळं होणं हाही एक अन्याय आहे. खरा प्रश्न ज्यांचं निवळत नाही त्यांचा.

अशा वेळी 'बर्नआउट' हा शब्द सर्रास वापरला जातो. क्रिस्टिना मास्लाक यांनी 1981 मध्ये त्याची मोजपट्टी प्रसिद्ध केली, तिच्यात तीन गोष्टी आहेत: भावनिक थकवा, रुग्णाकडे माणूस म्हणून न पाहता एक केस म्हणून पाहू लागणं, आणि आपल्या हातून काही चांगलं होत नाही असं वाटत राहणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउट हा आजार म्हणून नोंदलेला नाही. ती कामाच्या ठिकाणाशी निगडित स्थिती म्हणून नोंदलेली आहे. म्हणजे तिचं मूळ शोधायला कामाच्या ठिकाणीच जायला हवं.

तिथे गेलं की सर्वांत आधी दिसते ती माणसांची संख्या. लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियामधल्या 168 रुग्णालयांतल्या दहा हजारांहून अधिक नर्सचा अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध केला. एका नर्सकडे एक रुग्ण वाढला की तिला बर्नआउट होण्याची शक्यता 23 टक्क्यांनी वाढलेली आढळली, आणि शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाचा 30 दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता 7 टक्क्यांनी. हे साथ नसतानाचं चित्र होतं. अतिदक्षता विभागात एरवी एका नर्सकडे एक किंवा दोन रुग्ण असतात. कोविडच्या लाटेत अनेक ठिकाणी चार-चार, कधी त्याहून जास्त होते, आणि मदतीला आलेल्यांपैकी कित्येकांनी त्याआधी व्हेंटिलेटर हाताळलेला नव्हता.

दुसरी गोष्ट म्हणजे भीती, आणि ती निराधार नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जानेवारी 2020 ते मे 2021 या काळात जगभरात 80 हजार ते 1 लाख 80 हजार आरोग्य कर्मचारी कोविडनं दगावले असावेत. ब्रिटनमधल्या बर्मिंगहॅमच्या रुग्णालयांत एप्रिल 2020 मध्ये, लक्षणं नसलेल्या पाचशेहून अधिक कर्मचाऱ्यांच्या रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी झाली. संसर्ग होऊन गेल्याच्या खुणा सर्वाधिक सापडल्या सफाई कर्मचाऱ्यांमध्ये: 34.5 टक्के. अतिदक्षता विभागात हे प्रमाण 14.8 टक्के होतं. अतिदक्षता विभाग धोक्याचा मानला गेल्यानं तिथे जास्त संरक्षण देणारी साधनं मिळाली, हे त्यामागचं एक संभाव्य कारण संशोधकांनी मांडलं. फरशी पुसणाऱ्या, कचरा उचलणाऱ्या, स्ट्रेचर ढकलणाऱ्या लोकांच्या मानसिक ताणाचे अभ्यास तर डॉक्टर-नर्सच्या मानानं फारच थोडे आहेत. ही उणीव मला फार अस्वस्थ करते, कारण त्यांच्यावाचून वॉर्ड एक दिवसही चालत नाही.

अमेरिकेत साथ सुरू झाली त्याच सुमारास टेट शॅनाफेल्ट आणि सहकाऱ्यांनी 69 आरोग्य कर्मचाऱ्यांना विचारलं: तुम्हाला कशाची काळजी वाटते आणि संस्थेकडून काय हवं आहे? उत्तरं अगदी व्यवहारी होती. मास्क मिळेल का, संसर्ग घरी नेईन का, माझी चाचणी लगेच होईल का, मी आजारी पडलो तर संस्था मला आणि घरच्यांना बघेल का, शाळा बंद असताना मुलांना कोण सांभाळेल, नव्या वॉर्डात टाकलं तर मला तिथलं काम जमेल का. सारांश असा निघाला: आमचं ऐका, आम्हाला जपा, तयार करा, आधार द्या, आमची काळजी घ्या. ध्यानधारणेचं अ‍ॅप या मागण्यांमध्ये नव्हतं.

आणखी एक जखम आहे, ती थकव्याची नाही आणि भीतीचीही नाही. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ जोनाथन शे यांना ती युद्धावरून परतलेल्या सैनिकांवर उपचार करताना दिसली. आपल्या मूल्यांच्या विरुद्ध असं काही करावं लागणं, किंवा घडताना पाहावं लागणं आणि थांबवता न येणं, यातून ती होते. इंग्रजीतल्या 'मॉरल इंज्युरी' या संज्ञेला मराठीत 'नैतिक इजा' म्हणता येईल. साथीत ती रुग्णालयांमध्ये आली. नातेवाइकांना आत यायला बंदी, म्हणून मरणाऱ्या माणसाच्या कानाशी फोन धरून उभी असलेली नर्स, पलीकडून ऐकू येणारा मुलीचा आवाज, आणि त्याच वेळी शेजारच्या बेडवरचा वाजणारा अलार्म. एकच बेड रिकामा आणि दारात दोघं. आपण नियमाप्रमाणे वागलो, तरी वाईट वागलो, असं वाटत राहतं. लाज आणि अपराधीपणा हे तिचे मुख्य भाव असल्यानं माणूस त्याबद्दल बोलत नाही; सुट्टी मिळाली म्हणून ती भरूनही येत नाही.

यावर काही उपाय मात्र आधीच करता येतात. बेड किंवा व्हेंटिलेटर कुणाला द्यायचा हा निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरवर न टाकता वेगळ्या समितीनं घ्यावा, अशी सूचना 2020 च्या मार्च महिन्यातच 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आली होती. ब्रिटनमधले मनोविकारतज्ज्ञ नील ग्रीनबर्ग आणि सहकाऱ्यांनी त्याच महिन्यात सुचवलं की कर्मचाऱ्यांना पुढे काय वाढून ठेवलं आहे ते आधी स्पष्ट सांगावं, खोटा दिलासा देऊ नये, आणि टीमप्रमुखांनी अशा प्रसंगांवर सहकाऱ्यांशी बोलत राहावं.

काय करू नये, याचाही पुरावा आहे. भीषण प्रसंगानंतर सगळ्यांना एकत्र बसवून, एकाच सक्तीच्या बैठकीत मन मोकळं करायला लावण्याची पद्धत एके काळी खूप चालली. तिच्यानं पुढचा आघातजन्य विकार टळतो असं चाचण्यांमध्ये दिसलं नाही. काहींचा त्रास उलट वाढला. त्याऐवजी जोडीदाराची पद्धत पुढे आली. मिनेसोटा विद्यापीठात 2020 मध्ये सैन्याच्या धर्तीवर सारख्या हुद्द्याच्या आणि सारखं काम असलेल्या दोघांच्या जोड्या लावल्या गेल्या. थोडा वेळ एकमेकांची नियमित चौकशी करायची, एवढंच. बोलायला वेगळी वेळ काढावी लागत नाही आणि ऐकणाऱ्याला वॉर्ड म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही.

अशा उपायांचा पुरावा अजून तोकडा आहे, हेही मोकळेपणानं सांगायला हवं. वैद्यकीय संशोधनाचा पुरावा एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या नोव्हेंबर 2020 च्या आढाव्यात साथींच्या काळातले 16 अभ्यास तपासले गेले, आणि कोणता उपाय किती गुणकारी हे ठामपणे सांगण्याइतका चांगला पुरावा मिळाला नाही. उपाय अमलात येण्याच्या आड काय येतं, याबद्दल मात्र तिथे बरंच आहे: कर्मचाऱ्यांना स्वतःला मदतीची गरज आहे हेच जाणवत नाही, आणि वेळ, साधनं, माणसं कमी पडतात.

लाट ओसरल्यावर काय होतं, याचं सर्वांत उपयोगी उत्तर कोविडच्या आधीचं आहे. 2003 मध्ये सार्स या कोविडसारख्या श्वसनविकाराची साथ कॅनडातल्या टोरांटोला बसली, जवळच्या हॅमिल्टनला बसली नाही. साथीनंतर 13 ते 26 महिन्यांनी रॉबर्ट माँडर यांच्या गटानं दोन्ही ठिकाणच्या 769 रुग्णालय कर्मचाऱ्यांची तुलना केली. बर्नआउट टोरांटोत 30.4 टक्के, हॅमिल्टनमध्ये 19.2. मानसिक त्रास 44.9 आणि 30.2. टोरांटोतल्या जास्त लोकांनी रुग्णांशी थेट संबंध येणारं काम कमी केलं होतं, कामाचे तास कमी केले होते. आपल्याला पुरेसं प्रशिक्षण, संरक्षण आणि आधार मिळाला असं ज्यांना वाटत होतं, त्यांचा त्रास कमी होता. मदतकक्षाचे फोन, रजेतली सवलत, टीमप्रमुखांची चौकशी हे सगळं रुग्णसंख्या उतरली की बंद केलं जाऊ शकतं. टोरांटोतल्या माणसांचा त्रास मात्र वर्ष-दोन वर्षांनंतरही निवळलेला नव्हता.