वायफाय चालत नाही, म्हणजे नक्की काय चालत नाही?

जूनमध्ये कॉलेज उघडलं की आमच्या खोलीच्या दारात रोज तेच वाक्य ऐकू येतं: "सर, वायफाय चालत नाहीये." एफवायची मुलं म्हणतात, लायब्ररीतल्या बाई म्हणतात, प्राचार्यही फोनवर तेच म्हणतात. दुखणं प्रत्येकाचं निराळं असतं, पण नाव एकच. मी मुंबईतल्या एका कॉलेजात नेटवर्कचं काम बघतो आणि माझा अर्धा दिवस जातो तो यांचं वायफाय गेलंय की इंटरनेट, हे शोधण्यात.

वायफाय म्हणजे तुमच्या फोनपासून छताला लावलेल्या पांढऱ्या डब्यापर्यंतचा बिनतारी रस्ता. फार तर तीस-चाळीस फूट. तिथून वायर स्विचमध्ये, म्हणजे सगळ्या वायरी एकत्र जोडणाऱ्या पेटीत जाते, पुढे कॉलेजला बाहेरच्या जगाशी जोडणाऱ्या राउटरमध्ये, आणि राउटरमधून इंटरनेट कंपनीची फायबर, म्हणजे आमची 'लाइन', बाहेर पडते. इंटरनेट आहे ते तिथून पुढे, पार वर्सोव्याला आणि प्रभादेवीला समुद्रातून वर येणाऱ्या केबलींच्याही पलीकडे. कुर्ला स्टेशनवरून कलिन्याला जाणाऱ्यांना हे लगेच कळेल. लोकल म्हणजे इंटरनेट, स्टेशनबाहेरची शेअर रिक्षा म्हणजे वायफाय. रिक्षाची रांग पुलापर्यंत गेली म्हणून रेल्वेने गाड्या वाढवल्या, तर तुम्ही घरी लवकर पोचाल का?

दोन्ही गोष्टी एकमेकींवाचून राहू शकतात. परीक्षा विभागातल्या डेस्कटॉपला वायफाय नाहीच, वायर आहे, तरी इंटरनेट धावतं. उलट वायफायची खूण भरलेली, पण शेजारी बारीकसं उद्गारचिन्ह, असा फोन तुम्ही पाहिला असेल. जोडणी होताच अँड्रॉइड फोन एक छोटीशी विनंती बाहेर पाठवतो आणि ठरावीक कोरं उत्तर परत येतं का ते बघतो. उत्तर आलं नाही की ते चिन्ह दिसतं. म्हणजे रिक्षा मिळाली, गाड्या बंद. उत्तराऐवजी लॉगिनचं पान आलं, तर फोन 'साइन इन करा' म्हणतो. तेव्हा बिघाड काहीच नसतो, फक्त पासवर्ड टाकायचा असतो.

खात्री करायची सोपी युक्ती: मोबाइल डेटा बंद करा आणि लायब्ररीचा कॅटलॉग उघडून बघा. आमचा कॅटलॉग कॉलेजातल्याच सर्व्हरवर आहे. तो उघडला आणि बाहेरचं काहीच उघडलं नाही, तर वायफाय ठणठणीत आहे आणि लाइन गेली आहे. पावसाळ्याआधी रस्त्यात चर खणताना कुणीतरी फायबर तोडलेली असते. त्यावर माझ्याकडे फोन करण्यापलीकडे इलाज नाही.

खरी गंमत 'स्लो आहे' या तक्रारीत आहे, कारण तिथे पैसे चुकीच्या जागी जातात. आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी मुलांनी आरडाओरडा केला आणि लाइनचा वेग १०० एमबीपीएसवरून (सेकंदाला इतके मेगाबिट) ३०० केला. बिल वाढलं, आरडाओरडा तेवढाच. मी लॅपटॉप वायरने स्विचला लावून स्पीड मोजला तर जवळपास पूर्ण ३०० मिळत होते. तोच लॅपटॉप वर्गात वायफायवर १० सुद्धा धड घेईना. खोळंबा हवेत होता. वायफायच्या लहरींचे ठरावीक पट्टे असतात, त्यांना चॅनल म्हणतात. एका चॅनलवर एका वेळी एकच उपकरण बोलतं, बाकीचे थांबतात. वर्गात सत्तर फोन आणि डबा एक. त्यात कोपऱ्यातल्या खांबामागचा, जेमतेम सिग्नल मिळणारा फोन हळूहळू बोलतो, आणि तो बोलून संपेपर्यंत सगळे खोळंबतात. वायफाय मुख्यतः २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन लहरींवर चालतं. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. मजल्यावर नुसते डबे वाढवत गेलात तर ते एकमेकांवरच ओरडायला लागतात. ५ गिगाहर्ट्झमध्ये जागा ऐसपैस आहे, पण त्या लहरी भिंतीपुढे लवकर हात टेकतात. फोर्टातल्या जुन्या दगडी इमारतींमध्ये तर खोलीगणिक डबा लागतो. शेवटी आम्ही लाइन परत कमी केली आणि त्या पैशात मोठ्या वर्गांना दोन-दोन डबे बसवले, तेही ५ गिगाहर्ट्झवर.

एक दुखणं मात्र या दोन्हींत बसत नाही, आणि त्याने मला आठवडाभर नाचवलं. सकाळी सगळं छान, दुपारी एकनंतर डिग्रीच्या मुलांचे फोन 'आयपी ॲड्रेस मिळवत आहे' यावर अडकायचे. विंडोजचे लॅपटॉप १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता स्वतःच घेऊन बसायचे. सिग्नल पूर्ण, लाइन चालू. नेटवर्कवर येणाऱ्या प्रत्येक फोनला राउटर एक पत्ता देतो, तोच आयपी ॲड्रेस. आमच्याकडे पत्ते होते जेमतेम अडीचशे, आणि एकदा दिलेला पत्ता चोवीस तास राखीव. सकाळच्या ज्युनिअर कॉलेजची पोरं बाराला घरी गेली तरी त्यांचे पत्ते अडलेलेच. लोकलमध्ये रुमाल टाकून जागा धरावी आणि माणूस दादरलाच उतरून जावा, तसं. मुदत एका तासावर आणली, पत्त्यांचा साठा चौपट केला. खर्च शून्य.

लॉगिनबद्दल एवढंच, की दर सकाळी पान उघडून पासवर्ड टाकायचा त्रास टळू शकतो. एड्युरोम नावाची व्यवस्था आहे, भारतात ती अर्नेट इंडिया ही शिक्षणसंस्थांना नेटवर्क पुरवणारी सरकारी संस्था चालवते. आपल्या संस्थेचं खातं फोनमध्ये एकदा बसवलं की त्या व्यवस्थेतल्या दुसऱ्या संस्थेच्या आवारातही फोन आपोआप जोडला जातो. पण हीसुद्धा वायफायच्या दारावरची ओळखपरेड आहे. आत गेल्यावर वेग त्या कॉलेजच्या लाइनचाच मिळणार.

आता तक्रारवहीत मी तीन रकाने आखलेत: खोली, खूण कशी दिसते, कॅटलॉग उघडतो का. गेल्या आठवड्यात एका मुलीने लिहिलं होतं: 'खोली २०४, खूण पूर्ण, उद्गारचिन्ह आहे, कॅटलॉग उघडतो.' मी शिडी काढलीच नाही, थेट लाइनवाल्याला फोन लावला.