‘येतं’ म्हणजे नक्की काय? नव्या डॉक्टरांच्या कॉन्फिडन्सची पार्श्वभूमी

एमबीबीएस संपत आलेल्या पोराला विचारा, राइल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) टाकता येते का, तो म्हणणार येते की. आता हे ‘येते’ म्हणजे पेशंटला टाकलीये, पुतळ्याला टाकलीये की सिस्टर टाकत असताना शेजारी ट्रे धरून उभा होता, हे त्याचं त्यालाही धड सांगता येत नाही.

एमबीबीएस १९९७ च्या नियमांवर चालायचं तेव्हा हा प्रश्न फारसा कोणी विचारतच नव्हतं. थिअरी, प्रॅक्टिकल, व्हायवा निघाले की झालं, हात काय तो इंटर्नशिपमध्ये बसेल. मग २०१९ च्या बॅचला सीबीएमई, म्हणजे क्षमतेवर आधारित अभ्यासक्रम, आलं आणि प्रत्येक कौशल्यासमोर पायरी लागली. के म्हणजे माहितीये, के-एच म्हणजे कसं करायचं ते माहितीये, एस-एच म्हणजे करून दाखवतो, पी म्हणजे स्वतंत्रपणे करतो. ही शिडी मुळात १९९० ची, अमेरिकेतली. तिथे सगळ्यात वर नुसतं ‘करतो’ एवढंच आहे, आपल्याकडे त्याचं ‘स्वतंत्रपणे करतो’ झालं आणि घोळ तिथून सुरू झाला.

कारण स्वतंत्र म्हणजे किती स्वतंत्र? विद्यार्थ्याला पेशंटवर एकट्याला सोडत नाहीत आणि सोडूही नये, म्हणजे पी लिहिलं तरी मागे कोणीतरी उभं असणारच. त्यात पी च्या पुढे किती वेळा केल्यावर सर्टिफाय करायचं याचा आकडा, मग आकडा भरला की स्किल आलं असा सोयीचा अर्थ सगळ्यांनीच काढला. लॉगबुकात बी (अपेक्षेपेक्षा कमी), एम (अपेक्षेइतकं), ई (अपेक्षेपेक्षा जास्त) असं रेटिंग, मग सरांचा निर्णय, सी म्हणजे पूर्ण, नाहीतर परत कर. विद्यार्थ्याची सही असते, पण ती फीडबॅक मिळाल्याची. तुला स्वतःला जमतंय असं वाटतं का, याला रकानाच नाही! आमच्या वेळी तर परीक्षेच्या आदल्या आठवड्यात एका पेनाने पानभर सी, सी, सी आणि तारखा मागच्या. पोरांना ओव्हरकॉन्फिडंट म्हणणाऱ्यांनी आधी ते पान बघावं.

मध्येच मार्च २०२० आला. पोस्टिंग बंद, केस प्रेझेंटेशन मोबाइलवर, पोटाला हात न लावता लिव्हर दोन बोटं पॅल्पेबल (हाताला लागतं). आणि मे २०२१ मध्ये त्याच फायनल इयरवाल्यांना शिक्षकांच्या देखरेखीखाली सौम्य कोविड पेशंट बघायला बोलवायचं ठरलं.

तसं स्वतःचा अंदाज चुकणं फक्त पोरांचंच नाही. २००६ मध्ये परदेशात एक आढावा झाला, त्यात प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरांचं स्वतःबद्दलचं मत आणि बाहेरून मोजलेली क्षमता यांच्या २० तुलना होत्या. १३ मध्ये दोन्हींचा संबंध किरकोळ, नाहीच किंवा चक्क उलटा, आणि काही अभ्यासांत सगळ्यात जास्त चुकले ते सगळ्यात कच्चे आणि सगळ्यात कॉन्फिडंट.

बाहेरून मोजायला २०१९ च्या कायद्यात नेक्स्ट, म्हणजे देशभर एकच एक्झिट परीक्षा आहे, २०२३ च्या नियमांनुसार दुसऱ्या टप्प्यात प्रॅक्टिकलसकट. जुलै २०२३ ची मॉक (सराव परीक्षा) सुद्धा पुढे ढकलली आणि सीबीएमईची पहिली बॅच नेक्स्टशिवायच इंटर्नशिपला लागली. तिथे रिकामा वेळ पीजीच्या सीटसाठी एमसीक्यू सोडवण्यात जातो, आणि रात्री गुलाबी इंट्राकॅथ (सलाइन लावायची सुई) तिसऱ्यांदा फसली की सिस्टरलाच हाक मारतात.