टोकियो स्टेशन: फोटो वरचा काढा, पण खरी गंमत खाली आहे

टोकियोला जाऊन आलेल्या कुणाचाही फोन बघा, त्यात एक फोटो हमखास असतो. लाल विटांची लांबच लांब बिल्डिंग, दोन्ही टोकांना घुमट, आणि मागे काचेचे उंच टॉवर. ही टोकियो स्टेशनची मारुनोउची बाजू. लोक फोटो काढतात, आत जाऊन मान वर करून घुमटातले गरुड बघतात, एकीबेन म्हणजे गाडीत खायचा डबा घेतात आणि शिंकानसेनमध्ये, म्हणजे बुलेट ट्रेनमध्ये बसून क्योतोला निघून जातात. त्यात चूक काहीच नाही, पण ज्यासाठी या स्टेशनला इंजिनियर लोकांनी सलाम करावा ते सगळं त्या फोटोत येतच नाही कारण ते जमिनीखाली आहे.

आधी थोडी ओळख करून देतो. तात्सुनो किंगो नावाच्या आर्किटेक्टने हे डिझाइन केलं आणि १९१४ च्या डिसेंबरमध्ये स्टेशन सुरू झालं. लांबी ३३५ मीटर, आत स्टीलचा सांगाडा आणि त्याभोवती विटा. १ सप्टेंबर १९२३ ला कांतोचा महाभयंकर भूकंप झाला, अर्धं शहर जळून गेलं, पण या बिल्डिंगचं फारसं काही बिघडलं नाही. जे भूकंपाला जमलं नाही ते १९४५ च्या मे महिन्यात अमेरिकन बॉम्बनी केलं, छप्पर आणि घुमट जळाले. युद्धानंतर पैसा नव्हता, सामान नव्हतं, म्हणून वरचा तिसरा मजला काढून टाकला आणि गोल घुमटांच्या जागी साधी अष्टकोनी छपरं बसवली. ही ‘तात्पुरती’ सोय साठ वर्षं टिकली. (तात्पुरत्या गोष्टी सगळ्या देशांत सारख्याच टिकतात बहुतेक.) मग २००७ ला काम सुरू झालं आणि १ ऑक्टोबर २०१२ ला मूळ तीन मजली रूप परत लोकांसाठी खुलं झालं.

आता कुणीही विचारेल की जी बिल्डिंग १९२३ मध्ये टिकली तिला आता भूकंपाची भीती कशाला? तर आताचे नियम फार कडक आहेत, वर एक मजला वाढवायचा होता, आणि त्यात आत हॉटेल, म्युझियम, रोज लाखो माणसं. नेहमीचा उपाय म्हणजे आतून जाडजूड काँक्रीटच्या भिंती घालून बिल्डिंग घट्ट करणं, पण तसं केलं तर जपायचं होतं तेच झाकलं जाणार. म्हणून ठरलं की बिल्डिंगला हात कमी लावायचा आणि जमिनीपासून तिला सोडवायचं. अक्षरशः सोडवायचं.

हे नीट समजून घ्यायला पाहिजे. भूकंपात आधी हलते ती जमीन, पाया तिच्याबरोबर सरकतो आणि वरचा भाग जडत्वामुळे मागे राहतो, या ओढाताणीत भिंतींना चिरा जातात. वीट दाबाला मस्त असते पण ताणाला अगदीच कच्ची. त्यात प्रत्येक बिल्डिंगची डोलायची स्वतःची एक लय असते. बुटकी आणि ताठ विटांची बिल्डिंग भराभर थरथरते, अर्ध्या सेकंदाच्या आत एक हेलकावा, आणि दुर्दैव असं की बऱ्याच भूकंपांच्या धक्क्यांचा जोरही याच पट्ट्यात जास्त असतो. झोपाळ्याला त्याच्या लयीत छोटे छोटे धक्के देत राहिलं तर तो कुठच्या कुठे जातो, तसंच बिल्डिंगचं होतं. मग उपाय काय, तर लयच बदलून टाकायची. बिल्डिंग आणि पाया यांच्यामध्ये काहीतरी मऊ घातलं तर तिचा हेलकावा दोन-तीन सेकंदांचा होतो, खालची जमीन भराभर मागेपुढे होत राहते आणि वरची बिल्डिंग आपली सावकाश, जवळजवळ एका तुकड्यात सरकते. भिंतींवर ताण येतच नाही फारसा.

पण मऊ म्हणजे किती मऊ? वरचं वजन आहे सुमारे ७० हजार टन. नुसता रबराचा ठोकळा घातला तर तो चारी बाजूंनी फुगून चपटा होईल, खोडरबर अंगठ्याने दाबून बघा, लगेच कळेल. म्हणून रबराच्या पातळ चकत्या आणि स्टीलच्या पातळ प्लेटा एकाआड एक चिकटवून जाड बेअरिंग बनवतात. रबराचं आकारमान दाबाने जवळजवळ कमी होत नाही, त्याला फक्त बाजूला पळता येतं, आणि स्टीलची प्लेट त्याला पळू देत नाही. त्यामुळे वरून दाबलं तर ही बेअरिंग एकदम कडक आणि आडवं ढकललं तर मऊ, पाहिजे ते दोन्ही गुण एकाच वस्तूत. टोकियो स्टेशनखाली अशी ३५२ बेअरिंग आहेत, म्हणजे भागाकार केला तर एकेकीवर सरासरी २०० टन. आणि सोबत १५८ ऑइल डँपर. हे कशाला, तर रबरावर ठेवलेली बिल्डिंग एकदा डोलायला लागली की डोलतच राहील, आणि इथे मागच्या बाजूला चुओ लाइनचा उन्नत मार्ग अगदी चिकटून आहे, बिल्डिंग जास्त सरकली तर त्याला जाऊन धडकायची. डँपरमध्ये पिस्टन तेल ढकलतो, तेल बारीक वाटेने जातं, हेलकाव्याची ऊर्जा उष्णतेत जाते आणि बिल्डिंग थांबते.

वाचायला सोपं आहे हो, पण करताना बिल्डिंग उभी होती आणि स्टेशन चालू होतं! आधीचा पाया म्हणजे पाइनच्या लाकडाचे सुमारे ११ हजार खुंट, शंभर वर्षांपूर्वी दलदलीच्या मातीत ठोकलेले. खाली पूर्ण तळघर असं नव्हतंच. तर एकेका भागाखाली नवीन आधार द्यायचे, वजन लाकडावरून नव्या आधारांवर घ्यायचं, मग खाली खणत दोन मजली तळघर बांधायचं, बेअरिंग बसवायच्या आणि शेवटी अख्खी बिल्डिंग त्यांच्यावर टेकवायची. विटांची भिंत काही मिलिमीटर वाकडी झाली तरी चीर पडणार, म्हणजे सतत मोजत बसायचं. मला विचाराल तर घुमटापेक्षा हे काम जास्त देखणं आहे, फक्त त्याचा सेल्फी निघत नाही.

लाकडाचे खुंट शंभर वर्षं कुजले कसे नाहीत? कारण ते भूजलाच्या पातळीखाली होते. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ऑक्सिजन लागतो, पाण्यात बुडालेल्या मातीत तो मिळत नाही. समोरच्या मारुबिरु नावाच्या बिल्डिंगखालीही १९२३ सालचे असेच ५,४४३ खुंट होते, ती पाडून नवीन बांधली तेव्हा त्यातला एक जपून ठेवला, तळमजल्याच्या लॉबीत काचेखाली आहे, १५ मीटर लांब, फुकट बघता येतो. टुरिस्ट त्याच्यावरून चालत जातात, खाली बघत नाहीत.

पण हेच पाणी दुसरीकडे डोक्याला ताप झालं. स्टेशनच्या पाचव्या तळघरात, जवळजवळ २७ मीटर खाली, सोबु आणि योकोसुका लाइनचे प्लॅटफॉर्म आहेत, १९७२ ला सुरू झालेले. ते डिझाइन केले त्या काळात कारखाने आणि बिल्डिंगवाले जमिनीतून प्रचंड पाणी उपसत होते, भूजल खूप खोल गेलं होतं आणि शहराच्या पूर्वेकडचा सखल भाग काही ठिकाणी चार मीटरपेक्षा जास्त खचला होता. मग सरकारने उपशावर कडक निर्बंध आणले. छान झालं, खचणं थांबलं, पण पाणी परत वर चढायला लागलं, चढत चढत स्टेशनच्या तळाच्याही वर आलं. आणि आर्किमिडीज कुणाला सोडत नाही. भुयारी स्टेशन म्हणजे शेवटी आत हवा असलेला काँक्रीटचा मोठा डबा, त्याला पाणी खालून वर ढकलणारच. शेवटी स्टेशनच्या तळातून खालच्या कठीण थरापर्यंत भोकं पाडून त्याला अँकरनी, म्हणजे खालच्या थरात रोवलेल्या लांब ताणांनी, जखडून टाकलं. उएनो स्टेशनच्या भुयारी शिंकानसेन प्लॅटफॉर्मचीही हीच भानगड, तिथे तर आधी लोखंडाची वजनं आणून ठेवली होती! भुयारी स्टेशन बांधणाऱ्या कुठल्याही इंजिनियरला हे तरंगण्याचं गणित सोडवावंच लागतं, मुंबईच्या भुयारी मेट्रो ३ वाल्यांनाही चुकलं नसणार, तिथे तर समुद्र हाकेच्या अंतरावर.

म्हणजे बघा, एकाच स्टेशनात वरची बिल्डिंग जमिनीपासून सोडवलेली आणि खालचं स्टेशन जमिनीला बांधून ठेवलेलं.

या भुयारी लाइनच्या बोगद्यात झिरपणाऱ्या पाण्याचं पुढे काय झालं ते तर मला सगळ्यात आवडतं. आधी ते गटारात सोडायचे. मग शिनागावा भागातल्या ताचिआई नदीचा विषय निघाला, ही नदी जवळजवळ मेली होती, वास मारायची. २००२ पासून बोगद्यातूनच पाइप टाकून हे स्वच्छ भूजल त्या नदीत सोडायला सुरुवात झाली, आणि पुढच्याच वर्षी तिथे बोरा नावाच्या माशांचे थवे घुसले, बघायला ही गर्दी! रेल्वेची कटकट गेली आणि नदीला पाणी मिळालं.

आता पैशाचं. या सगळ्या कामाला सुमारे ५० अब्ज येन लागले आणि हा भाग मुंबईकराला एका मिनिटात कळेल. शहराच्या मध्यात असलेल्या त्या जमिनीवर नियमाने भरपूर उंच बांधता आलं असतं, पण स्टेशन तीन मजलीच ठेवायचं होतं, म्हणून न वापरलेला एफएसआय, म्हणजे त्या जमिनीवर बांधता येणाऱ्या जागेचा हक्क, आजूबाजूच्या टॉवरना विकला. आपल्याकडे टीडीआर (बांधकामाचा हक्क दुसऱ्या जागी हलवणं) म्हणतात तोच प्रकार. म्हणजे फोटोत मागे जे काचेचे टॉवर येतात आणि लोक ‘व्ह्यू खराब केला’ म्हणून कुरकुरतात, त्यातल्याच काहींनी घुमटाचा खर्च उचललाय.

बघायला गेलात तर थोडं जवळ जाऊन बघा. विटांच्या मधल्या सांध्यातलं पांढरं मॉर्टर, म्हणजे विटा जोडायचा मसाला, आत दबलेलं नाही, उलट बाहेर अर्धगोल फुगीर आहे. ही जुनी कारागिरी, फार कमी लोकांना येत होती, या कामासाठी परत शिकून घ्यावी लागली. छपरावर काळसर दगडी पाट्या आहेत, त्यातल्या काही मियागी प्रांतातल्या ओगात्सु गावच्या, मार्च २०११ च्या त्सुनामीच्या तडाख्यात सापडलेल्या आणि नंतर गोळा करून धुऊन परत आणलेल्या. आणि तिकीट काढून टोकियो स्टेशन गॅलरीत नक्की जा, तिथल्या जिन्यात जुन्या विटांची भिंत उघडी ठेवलीय. तिच्यात मधे मधे कोळशासारखे काळे तुकडे दिसतात, ते खिळे ठोकायला बसवलेले लाकडी ठोकळे, १९४५ च्या आगीत जळलेले, तसेच ठेवलेत.

घुमटांखालचे हॉल गेटच्या बाहेर आहेत, त्यामुळे तिकीट लागत नाही. दक्षिणेकडच्या हॉलमध्ये जमिनीवर एक छोटी खूण आहे, १९२१ मध्ये पंतप्रधान हारा ताकाशी यांची हत्या झाली ती जागा, शेजारी भिंतीवर माहिती असते, रोज हजारो लोक त्यावरून धावत जातात. वरून पूर्ण स्टेशन बघायचं तर शेजारच्या कित्ते मॉलच्या सहाव्या मजल्यावरची गच्ची, संध्याकाळी दिवे लागतात तेव्हा. जास्त वेळ असेल तर टोकियोशेजारच्या साइतामा प्रांतातल्या फुकाया गावी जा, टोकियो स्टेशनच्या विटा तिथल्या भट्टीतल्या, म्हणून १९९६ ला त्या गावाने आपलं स्टेशन हुबेहूब याच्यासारखं बांधलं, फक्त ते आतून काँक्रीटचं आहे, वरून विटांसारख्या टाइल.

आणि डिस्नेलँडला जाणारी केइयो लाइन पकडायची असेल तर वेळ हातात ठेवा. नारिताला जायची शिंकानसेन रद्द झाली, तिच्यासाठी ठरवलेल्या जागेत हे प्लॅटफॉर्म बसवलेत, तेही जमिनीखाली, मुख्य स्टेशनपासून इतके लांब की बोर्डवर टोकियो स्टेशन लिहिलेलं असलं तरी चालून चालून वाटतं पुढचं स्टेशन आलं की काय.