शेअर मॅनिया (मुंबई, १८६१–१८६५)

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईत आलेली कापसाची तेजी, तिच्या जोरावर माजलेला शेअरांचा सट्टा आणि १८६५ मध्ये झालेली त्याची पडझड, या साऱ्याला मिळून ‘शेअर मॅनिया’ म्हणतात. हजारो मैलांवरच्या लढाईने इथली घरे कशी भरली आणि कशी बसली, याचा हा फार बोलका दाखला आहे.

युद्धापूर्वी ब्रिटनच्या गिरण्यांना लागणारा सुमारे तीन चतुर्थांश कापूस अमेरिकेतून येई. एप्रिल १८६१ मध्ये युद्धाला तोंड फुटले, उत्तरेकडील राज्यांच्या आरमाराने दक्षिणेकडील राज्यांची बंदरे रोखली आणि लँकेशरच्या गिरण्या कापसावाचून बंद पडू लागल्या. हिंदुस्थानचा कापूस आखूड धाग्याचा आणि कचरा मिसळलेला, म्हणून तोवर त्याला कोणी विचारत नसे. आता तोच मिळेल त्या भावाने उचलला जाऊ लागला. लोकांनी गाद्या-उशा उसवून आतला जुना कापूस बाजारात आणला, अशी हकीकत सांगतात. भेसळही इतकी वाढली की १८६३ मध्ये मुंबई इलाख्यात तिच्याविरुद्ध कायदा करावा लागला.

या व्यापारातून मुंबईत आलेला जादा पैसा सात-आठ कोटी पौंडांच्या घरात धरला जातो. तो जिरवायला शहरात पुरेसे उद्योग नव्हते, कापडगिरण्या तर मोजक्याच होत्या. मग बँका, वित्त मंडळ्या आणि समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या निघाल्या. त्यांपैकी बॅकबे कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० च्या आसपास पोचला. या बाजाराचा म्होरक्या होता प्रेमचंद रायचंद हा दलाल. बँक ऑफ बॉम्बेवर त्याचे मोठे वजन होते आणि त्या बँकेने शेअरांच्या तारणावर, कधी नुसत्या सहीवरही कर्जे वाटली. राजाबाई टॉवरसाठी त्याने दिलेली देणगी याच भरभराटीतली.

सट्ट्याचा खरा धोका मुदतीच्या सौद्यांत होता. शेअर आज ठरलेल्या भावाने घ्यायचा आणि पैसे पुढच्या तारखेला चुकते करायचे, अशी ती पद्धत होती. कितीएक सौद्यांची तारीख १ जुलै १८६५ ही होती. ‘अ’चे पैसे आले की ‘ब’ने ‘क’ला द्यायचे, अशी ती साखळी. एप्रिलमध्ये दक्षिणेचा सेनापती जनरल ली याने शरणागती पत्करली, ही बातमी मुंबईत येताच कापूस गडगडला, पाठोपाठ शेअर, आणि १ जुलैला साखळीतल्या बहुतेकांचे हात रिकामे होते. बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० पर्यंत चढलेला शेअर ८७ रुपयांना विकावा लागला. ही बँक १८६८ मध्ये गुंडाळली गेली. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारख्या विद्वान लोकसेवकाचीही मिळकत या सट्ट्यात गेली.

मुंबईची कहाणी नेहमी इथेच थांबवली जाते, हे मला अपुरे वाटते. तेजीच्या काळात दख्खनच्या शेतकऱ्याला सावकार कापसाच्या पेऱ्यावर एकरी शंभर रुपयांपर्यंत उचल देत होता. भाव उतरताच त्याने हात आखडता घेतला आणि जुनी बाकी व्याजासकट मागायला सुरुवात केली. त्यातच १८६७ पासून नव्या आकारणीने सरकारने शेतसारा भरमसाट वाढवला. मुंबईतल्या व्यापाऱ्याला दिवाळे काढून सुटता आले. कुणब्याकडे गहाण टाकायला होती फक्त जमीन, आणि कागदावर काय लिहिले आहे ते वाचता न येता त्याने अंगठा उठवला होता.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजारच्या दिवशी भोवतालच्या गावांतले शेतकरी जमले. त्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जखते मागितली, हाती लागली ती जाळली, दुकाने लुटली. मारहाणीपेक्षा कागद नष्ट करण्यावरच त्यांचा भर होता. लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. त्याने न्यायाधीशाला कर्जखताच्या मागे जाऊन मूळ कर्ज किती, व्याज किती, हे पाहण्याचा अधिकार दिला.